फोटोचा डाग, माणसाचा डाग

फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर एका शेतकऱ्याचं डोकं होतं आणि डोक्याभोवती मुंग्या धावत होत्या. वरोऱ्याला बसस्टँडमागच्या गल्लीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो अशी कामं. त्या गृहस्थाचा फोटो घरच्या निळ्या भिंतीसमोर काढलेला होता आणि साइटला मागे पांढरंच हवं होतं. भिंत काढून पांढरं भरायचं तर आधी माणूस निवडावा लागतो. निवडला की त्याच्या कडेनं काळ्यापांढऱ्या तुटक रेघा सरकायला लागतात, त्यांना आम्ही मुंग्या म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि धानोऱ्याचा माझा मावसभाऊ शालिकदादा. फोन त्याच्याच नंबरवरून होता, म्हणून मी उचलता उचलताच म्हटलं, “थांब दादा, कानापाशी आली आहे.” पलीकडून त्याची मुलगी प्रणाली बोलली. “आत्या, बाबा गेले.” छातीत दुखतं म्हणाला, गाडी करून गडचिरोलीला निघाले, आणि वाटेतच...

मी रडले नाही. समोरच्या माणसाच्या फॉर्मची त्या दिवशी शेवटची तारीख होती. त्याचा कान नीट कापला, पांढरं भरलं, फॉर्म पाठवला, पावती त्याच्या हातात दिली आणि मग शटर खाली ओढलं. हे वाचून कोणाला मी कोरडी वाटेन. वाटू दे. निवड अर्धी टाकून उठलेलं दादाला खपत नसे, आणि हे सगळं मला त्यानंच शिकवलं होतं.

धानोऱ्याला पोचले तोवर माती उरकली होती. घरात बायका बसल्या होत्या, बाहेर पुरुष. दोन दिवसांनी राख सावडून झाली आणि तेरवीचं बोलणं निघालं तेव्हा प्रणाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आत्या, हार घालाले बाबाचा फोटोच नाई.” आधी मला ते खरं वाटेना. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले, भिंतीवर टांगायचे फोटो तर ज्याच्या हातचे या तालुक्यात घरोघर आहेत, त्याचाच नाही? पण नव्हता. लग्नांच्या फोटोंत तो कॅमेऱ्यामागे. घरच्या कार्यक्रमातही कॅमेऱ्यामागे. लग्नातला त्याचा स्वतःचा अल्बम पुराच्या पाण्यानं चिकटून लगदा झालेला. उरलं आधार कार्ड. ते मोठं करून मी मंदावहिनीपुढे धरलं. वहिनीनं बराच वेळ पाहिलं आणि कार्ड उलटं करून ठेवलं. “हे कोन होय? मी यायले वळखत नाई.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात कॉम्प्युटरचं काम येणारी मीच. तेरवीच्या आत मला असा एक फोटो करून द्यायचा होता, जो पाहून वहिनी म्हणेल, हो, हेच. आणि अडलं की ज्याला विचारायचं, तो नव्हता.

दादाचा स्टुडिओ धानोऱ्यात रस्त्याला लागूनच, घराच्याच पुढच्या खोलीत. एके काळी लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसे. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि फोटोग्राफरचं काम आटत आटत दोनच गोष्टींवर आलं. एक फॉर्मचे फोटो, दुसरे मयताचे फोटो. तेरवी चार दिवसांवर आली की लोक यायचे. कोणाजवळ लग्नातला ग्रुप फोटो, त्यात शेवटच्या रांगेत वाटाण्याएवढं तोंड. कोणाजवळ मोबाइलमध्ये मोहफुलं वेचताना वाकलेला बाप. त्यातून माणूस वेगळा काढायचा, सरळ करायचा, मोठा करायचा. पूर्वी तो हे कुठल्या तरी चोरीच्या सॉफ्टवेअरवर करायचा. एकदा कॉम्प्युटर बसला, गडचिरोलीच्या मेकॅनिकनं सगळं पुसून नव्यानं टाकलं आणि चोरीच्या ऐवजी फुकटचं घालून दिलं. दादा कितीतरी दिवस त्याला शिव्या देत होता. “फुकटचं आहे त फुकटच्यावानीच चालते,” असं म्हणायचा. मग हळूहळू हात बसला, आणि बसला तो असा की माझ्याही कॉम्प्युटरमध्ये त्यानं तेच टाकून घ्यायला लावलं.

त्यातली हत्यारं इंग्रजी नावांची. दादानं सगळ्यांचं बारसं केलं. हातानं कडेकडेनं फिरवायची ती दोरी. एका टिचकीत सारखा रंग धरते ती काडी. दोन पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवल्याचं चित्र असलेली, डाग बुजवणारी ती पट्टी. त्याच्या स्टुडिओत मोबाइलची रेंज जेमतेम, रिंग वाजायची पण बोलणं तुटायचं; नीट रेंज यायची ती रस्त्यापलीकडच्या हातपंपाजवळ. त्यामुळे मी फोन केला की तो तिथं जाऊन उभा राहायचा आणि समोर काहीही दिसत नसताना मला पडद्यावरचं सगळं सांगायचा. पंपावर पाणी भरणाऱ्या बायकांना काय वाटत असेल कोण जाणे. एकदा माझा ब्रश चालेना. कितीही घासलं तरी रंग उमटेना.

“घासू नोको. कुठीतरी मुंग्या असन,” दादा म्हणाला.

“नाईत ना. पूर्ण पाह्यलं मी.”

“असन वं. मोठं कर. कानामांग पाह्य.”

कानामागे खरंच टिपक्याएवढी निवड राहून गेली होती आणि ते सॉफ्टवेअर इमानानं तेवढ्यातच रंगवायला तयार होतं. “सोडून दे आधी, मंग नवं धर,” दादा म्हणाला. दुसऱ्या एका वेळी मी निवड उलटी करायची, म्हणजे माणूस सोडून भिंत धरायची, विसरले. लग्नाच्या बायोडेटासाठी मुलाचा फोटो होता, त्याची आई माझ्या खुर्चीमागे उभी. मागची भिंत पुसायची तर मी डिलीट दाबलं आणि मुलगाच गेला. भिंत शाबूत, भिंतीवरचं कॅलेंडर शाबूत, मध्ये माणसाच्या आकाराची चौकड्यांची रिकामी जागा. “अवं माय, पोरगा कुठी गेला?” म्हणून ती बाई ओरडली ते फोनमधून दादानं ऐकलं. तो इतका हसला की मी फोन ठेवला.

मयताच्या फोटोंत त्याची एक खास वस्तू होती, कोट. लोक म्हणायचे, बाबा आयुष्यभर बंडीवर राहिले, फोटोत तरी चांगले दिसू द्या. दादानं स्वतःच्या लग्नातला निळा कोट हँगरला लावून फोटो काढला, तो एकदा निगुतीनं कापून ठेवला आणि मग ज्याला हवा त्याला घालू लागला. बारीक माणसाला थोडा दाबायचा, जाड्याला थोडा ओढायचा. धानोऱ्यापासून आत कुठल्याही गावात जा, भर उन्हाळ्यात मातीच्या भिंतीवर निळा कोट घातलेले गृहस्थ दिसतील. मी त्याला म्हणायची, “दादा, या कोटात अर्धा तालुका वर गेला.” तो म्हणायचा, “जाऊ दे ना. वापस कोनी मांगून नाई राह्यला.”

कोटाची त्याला काही खंत नव्हती, पण चेहऱ्याच्या बाबतीत मात्र तो बदलला, आणि ते एका बाईमुळे. मुरूमगावच्या बाजूची, वयस्कर, गोंडी बोलणारी. नवऱ्याचा म्हणून तिच्याजवळ फक्त मतदान कार्ड. त्यावरचा चेहरा घासलेला, गालावर मोठी आडवी रेघ. दादानं पट्टीनं रेघ बुजवली, गाल गुळगुळीत केला, कोट घातला आणि मोठ्या समाधानानं प्रिंट दिली. बाईनं प्रिंट खिडकीच्या उजेडात धरली, मग त्याच्याकडे पाहिलं. “हा कोन?” दादा म्हणाला, “तुह्या घरचा.” बाई म्हणाली, “नाई. माह्या घरच्याचा गाल अस्वलानं नेला होता. तो कुठी गेला?” कार्डावरची रेघ छपाईची नव्हती. दादानं मला हे सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखा हसला नाही. रेघ परत आणायला त्याला पूर्ण दुपार लागली, कारण पुसणं सोपं असतं. तेव्हापासून मयताचा फोटो घेऊन कोणीही आलं की तो एकेक ठिपक्यावर बोट ठेवून आधी विचारायचा, “हा डाग फोटोचा का मानसाचा?” फोटोचा असेल तर काढायचा. माणसाचा असेल तर हात लावायचा नाही. लोक वैतागायचे. दुःखात आलेल्या माणसाला बापाच्या नाकावरचा तीळ आठवायला लावायचा म्हणजे काय... पण आठवायचे. पोरं आपसांत भांडायची, मग गावी फोन लावून आईला विचारायची.

माझं त्याचं यावरून वाजायचंही. वरोऱ्यात लोक गोरं करून मागतात, मी देते. आजही देते. माझं म्हणणं, गिऱ्हाइकाचा चेहरा आहे, त्याला हवा तसा दिला. दादा चिडायचा नाही. “तुह्या गावात फोटो पाहून लगन जुळते,” म्हणायचा, “माह्या गावात फोटो पाहून आठवन काढतेत. धंदा येगळा आहे बाई.” हरले हे कबूल करायची मला सवय नाही, त्यामुळे मी विषय बदलायची.

तर त्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीवर मी बसले. बाहेर दादाच्या थोरल्या साल्यानं तोडगा काढला होता: आधारवरचं तोंड घ्या आणि निळा कोट घाला, कोणाला काय कळते. वहिनी आतून म्हणाली, “तो कोट सगळ्या मेलेल्या मानसाईनं घातला. यायले नोको.” तिचा नवरा मेलेलाच होता, पण तिथं तसं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

मी फोल्डर उघडत गेले. दादानं ते गावांच्या नावानं लावलेले, आणि प्रत्येकाच्या आत आणखी एक फोल्डर, नाव ‘कच्चे’. कॅमेऱ्यातून आलेले, न कापलेले मूळ फोटो. तो ते कधी पुसत नसे, त्यावरूनही मी त्याला बोलायची की जागा भरते. काही खास हेतूनं नाही, हाताला आलं म्हणून एक उघडलं. वनहक्काच्या जमिनीच्या पट्ट्यासाठी काढलेला जोडीचा फोटो होता. म्हातारा-म्हातारी बाकड्यावर, एकमेकांपासून शक्य तितके दूर. मागे पांढरी चादर. आणि चित्राच्या अगदी उजव्या काठाला, चादरीचं टोक वर धरलेला एक हात, पांढरी शर्टाची बाही, आणि अर्धं तोंड. दादा.

मी पुढचा उघडला. त्यातही दादा. त्याच्या पुढच्यातही.

त्या खोलीच्या भिंती हिरव्या आहेत. फॉर्मला पांढरं लागतं, म्हणून चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं आणि दुसरं दादानं हातात धरायचं, अशी त्यांची पद्धत. कॅमेऱ्याचं बटण वहिनी दाबायची, कारण आतल्या गावांतल्या बाया पुरुषानं कॅमेरा रोखला की आक्रसून बसत. दादा बाजूनं बोलत राहायचा. “जवळ बसा ना. जंगल तुमाले दोघाईले भेटून राह्यलं, एकल्याले नाई.” ते हसले की वहिनी बटण दाबायची. मग दादा फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, माणूस मधे घेऊन चारी बाजू छाटायचा, आणि छाटताना दर वेळी उजवीकडचा स्वतःही जायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्या खोलीत शंभरदा बसले आहे, चादर पाहिली आहे. पण छाटलेल्या भागात काय असतं याचा विचार कोण करतो?

कच्च्या फोल्डरांत तो वर्षानुवर्षं उभा होता. काळ्या मिशीचा, मग करड्या मिशीचा, मग चष्मा आला, मग चष्म्याला दोरी आली. मी त्यातला गेल्या हिवाळ्यातला एक निवडला. चेहरा पूर्ण, हात वर, ओठ किंचित उघडे. आणि कामाला लागले. पांढरा शर्ट, मागे पांढरी चादर. काडी टेकवली की शर्टाबरोबर चादरही धरायची. दोरीनं टिंब टिंब करत गेले, खांद्यावरून, कोपरावरून, मनगटापर्यंत आले आणि तिथं अडले. त्याच्या मुठीत चादर होती. बोटं कुठं संपतात आणि कापड कुठं सुरू होतं ते कळेना. बाहेर काढावं तर बोटं तुटत होती, ठेवावं तर मुठीतून चिंधी लोंबत होती. वैताग आला की माझा हात मोबाइलकडे जातो. गेला. नंबर लावला आणि रिंग ऐकत मी पडद्याकडे बघत राहिले, म्हणजे आता विचारीलच की काडी घेतली का दोरी... आणि बाजूच्या खोलीत फोन वाजला.

प्रणाली तो हातात घेऊनच दारात आली. “आत्या, तू लावला?” मी हो म्हटलं. तेव्हा मला रडू आलं. वरोऱ्यातून निघताना आलं नव्हतं, राख सावडली तेव्हा आलं नव्हतं, ते तिथं आलं. मला त्याची फार आठवण येते, आणि ती अशी अडलेल्या जागीच येते, हे इथं सरळ लिहून टाकते.

आवाज ऐकून वहिनी आली आणि माझ्यामागे उभी राहिली. पडद्यावर तिचा नवरा हात वर करून, आणि त्याच्याभोवती मुंग्या. तिनं विचारलं, “हे काय करून राह्यली?”

“चादर काढून राह्यली. मागं पडदा टाकते चांगला.”

“हात काऊन तोडून राह्यली त्याईचा? चादर राहू दे.”

मी निवड सोडून दिली. मुंग्या गेल्या. मग काही कापायचं उरलंच नाही, फक्त डावीकडची बाकड्यावर बसलेली जोडी चौकटीबाहेर गेली. डाव्या भुवईत एक खाच दिसत होती. मी त्यावर बाण नेला आणि वहिनीला विचारलं, फोटोचा का माणसाचा. वहिनी म्हणाली, “मानसाचा. लाइटचा स्टँड पडला होता, लगन झालं त्याच साली.” मी हात लावला नाही.

तिनं मला आणखी दाखवायला सांगितलं. मी एकेक कच्चा फोटो पुढे सरकवत गेले आणि ती खुर्चीची पाठ धरून पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, माझ्या नव्हतं आलं. तोंडानं तो बसलेल्या माणसांशी बोलत असायचा, पण बटण दाबलं त्या क्षणी प्रत्येक फोटोत त्याचे डोळे कॅमेऱ्याकडे होते. चादर खाली सोडायची ना, म्हणून वहिनीच्या मानेकडे बघत असणार. तिनं मान हलवली की तो हात खाली घेई. कारण एवढं साधं. पण वहिनी म्हणाली, “हे त माह्याचकडं पाहून राह्यले. मी कधी पाह्यलंच नाई वं यायच्याकडं. मी बसलेल्या मानसाकडं पाहो.” आणि पदर तोंडाशी धरला. मी पुढचा फोटो उघडला.

तेरवीला फ्रेम पाटावर ठेवली तेव्हा कुजबुज झालीच. हार घालायच्या फोटोत माणूस सरळ बसलेला हवा, हात वर कशाला? मागे सुरकुतलेली चादर कशाला? एका म्हाताऱ्यानं निकाल दिला की शालिक जाता जाता सगळ्यांना आशीर्वाद देऊन राह्यला, आणि लोकांना ते पटलं. त्याच्याही पुढे जाऊन दोघातिघांनी तर फोटोला वाकून नमस्कारही केला. वहिनीनं माझ्याकडे पाहून किंचित हसल्यासारखं केलं, त्या दिवसातलं तेवढंच.

आता स्टुडिओ वहिनी चालवते. कॉम्प्युटरचं तिला जमत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. ती फोटो काढते आणि रस्ता ओलांडून रेंजमध्ये जाऊन मला पाठवते. मी वरोऱ्याहून पांढरं करून, छाटून परत पाठवते. पहिल्याच खेपेला माझ्या लक्षात आलं की उजव्या काठाला काहीतरी येतंय. पट्टी, लाकडाची, तिच्या आत काचेची चमक. फ्रेम होती. दादा उभा राहायचा तिथं भिंतीत खिळा मारून वहिनीनं ती टांगली आहे आणि चादरीचं दुसरं टोक त्याच खिळ्याला अडकवते. म्हणजे आता दर फोटोत काठाला फ्रेम, फ्रेममध्ये दादा, कधी अर्धा, कधी नुसता खांदा. काचेवर उजेड पडून कधी कधी बसलेल्याच्या गालावर कवडसा येतो, तो काढत बसावं लागतं. म्हणून मी फोन केला.

“वहिनी, फ्रेम थोडी सरकव ना तिकडं. दर बारी फोटोत येऊन राह्यली.”

“येऊ दे,” वहिनी म्हणाली. “तू कापत जाय. ते बी कापतच होते.”

मी कापते. कच्चे फोटो मात्र पुसत नाही.